जुना स्टार्ट मेनू आणि मांडणीचा हक्क

विंडोजची नवी आवृत्ती आली की तिला जुने रूप परत देणारी सॉफ्टवेअरही मागोमाग येतात. विंडोज ८ च्या वेळी क्लासिक शेल, स्टार्ट८ आणि स्टार्टइजबॅक ही नावे गाजली. विंडोज ११ आल्यावर स्टार्टऑलबॅक, एक्सप्लोररपॅचर आणि स्टार्ट११ यांनी ती जागा घेतली. लिनक्सच्या जगात तर जुना डेस्कटॉप टिकवण्यासाठी लोकांनी अख्खे प्रकल्प उभे केले आणि ते वर्षानुवर्षे चालवले. इतक्या माणसांच्या इतक्या श्रमांना ‘जुन्याची ओढ’ म्हणून निकालात काढण्याची पद्धत आहे. करडी पट्टी, उठावदार कडांची बटणे, हिरवट-निळी पार्श्वभूमी यांत रमणारे लोक आहेतच, आणि त्यात काही वावगेही नाही. पण हा प्रश्न रंगरूपाचा असता तर एखादी थीम पुरली असती. परत मागितली जाते ती मांडणी: कोणती गोष्ट कुठे असेल, कोणत्या क्रमाने असेल आणि तो क्रम कोण ठरवेल. हा क्रम ठरवण्याचा हक्क यंत्रासमोर बसणाऱ्याचा आहे. तो जपण्याचे काम बाहेरच्या हौशी प्रोग्रॅमरांवर न टाकता यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीनेच अंगावर घ्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते. गेल्या तीस वर्षांचा पुरावा त्याच बाजूने बोलतो.

सुरुवात विंडोज ३.१ पासून करावी लागते. तिथे प्रोग्रॅम मॅनेजर नावाच्या खिडकीत आणखी छोट्या खिडक्या असत आणि त्यांत प्रोग्रॅमची चिन्हे असत. एक खिडकी दुसरीखाली गेली की नवशिक्याला ती हरवली असेच वाटे. डबल क्लिकचा वेग साधत नसे, आणि एखादा प्रोग्रॅम उघडायचा कसा हाच अनेकांपुढचा पहिला प्रश्न असे. मायक्रोसॉफ्टने पुढच्या आवृत्तीसाठी साध्या माणसांना संगणकापुढे बसवून चाचण्या घेतल्या. त्या कामाची हकिकत केंट सलिव्हन यांनी १९९६ साली एका निबंधात मांडली असून तो आजही वाचण्यासारखा आहे. मानसशास्त्र शिकून आलेले डॅनियल ओरान यांच्याकडे स्टार्ट बटण आणि टास्कबार यांच्या घडणीचे श्रेय जाते. आधीच्या नमुन्यांत खालच्या पट्टीवर तीन वेगळी बटणे होती. चाचण्यांतून शिकत ती एका बटणात सामावली गेली. नवशिक्यांसाठी केलेली ही सोय सरावलेल्या लोकांनाही आवडते, हेही चाचण्यांतच दिसले. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली. तिचा मेनू इतका टिकला याचे कारण जाहिरातींचा धूमधडाका नव्हे. माणसे कुठे अडखळतात ते पाहून तो घडवला होता, म्हणून तो टिकला.

त्या मेनूची रचना आणखी एका बाबतीत महत्त्वाची होती, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. तो मेनू म्हणजे डिस्कवरचे एक साधे फोल्डर होते. त्यात शॉर्टकट असत, शॉर्टकटांचे पोटफोल्डर असत, त्यांच्या आत आणखी फोल्डर. ज्याला फाइल हलवता येते त्याला मेनू बदलता येत असे. हिशेबाची सॉफ्टवेअर एका गटात, छपाईची दुसऱ्यात, मुलांचे खेळ तिसऱ्यात, असे कप्पे माणूस स्वतः पाडू शकत होता आणि त्यांना हवी ती नावे देऊ शकत होता. विंडोज ९८ पासून तर मेनूतल्या नोंदी माउसने उचलून तिथल्या तिथे हलवता येऊ लागल्या. आजही विंडोजच्या पोटात स्टार्ट मेनू नावाचे ते फोल्डर आहे, पण त्याचे वजन घटले आहे. विंडोज १० आणि ११ च्या यादीत फोल्डरची एकच पातळी दिसते. आतले पोटफोल्डर सपाट होऊन जातात. मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून उतरवलेली अ‍ॅप मुळात त्या फोल्डरात येतच नाहीत, त्यामुळे ती हलवता येत नाहीत. ज्या मेनूचा मालक वापरणारा होता तो हळूहळू यंत्रणेच्या ताब्यात गेला, ते असे. बटणांचा रंग बदलल्याने हे घडलेले नाही आणि रंग परत आणल्याने ते सुटणारही नाही.

कंपनीला निवड ठेवणे जमत नव्हते असेही नाही. विंडोज ९५ मध्ये जुना प्रोग्रॅम मॅनेजर तसाच ठेवलेला होता. सिस्टिम फाइलमधली एक ओळ बदलली की नव्या डेस्कटॉपऐवजी तोच उघडे. विंडोज २००० ने क्वचित लागणाऱ्या नोंदी आपोआप लपवणारा मेनू आणला. अनेकांना तो खटकला, पण ती लपवाछपवी बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये होती. २००१ सालच्या एक्सपीने दोन स्तंभांचा नवा मेनू दिला आणि शेजारीच ‘क्लासिक’ मेनूचा पर्यायही ठेवला. व्हिस्टाने शोधाची चौकट आणली, तरीही क्लासिक मेनू शाबूत होता. तो गेला २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये. त्या आवृत्तीचे कौतुक इतके झाले की ही कपात अनेकांच्या लक्षातही आली नाही. ज्यांच्या आली त्यांच्यासाठी त्याच वर्षी आयव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रॅमरने क्लासिक शेल तयार केले. म्हणजे जुन्या मेनूची चळवळ विंडोज ८ विरुद्धच्या संतापातून जन्मली हा समज बरोबर नाही. कंपनीने निवडीचे दार पहिल्यांदा लावून घेतले त्या क्षणी ती जन्मली.

विंडोज ८ ने नुसते दार लावले नाही, भिंत बांधली. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या त्या आवृत्तीत स्टार्ट बटणच नव्हते, आणि मेनूच्या जागी पूर्ण पडदा व्यापणाऱ्या चौकोनी फरश्या होत्या. क्लासिक थीमही तिच्यातच गेली, कारण पडदा रंगवण्याची नवी यंत्रणा आता बंद करता येत नव्हती आणि जुनी थीम तिच्याशिवाय चालणारी होती. कंपनीचा युक्तिवाद असा होता की टास्कबारवर प्रोग्रॅम टाचून ठेवायची सोय झाल्यापासून लोक स्टार्ट मेनू कमी उघडतात. वापराची आकडेवारी तेच सांगते. आकडेवारी खोटी नसावी. तिचा अर्थ लावण्यात चूक झाली. रोजचे चार-पाच प्रोग्रॅम टास्कबारवर गेल्यावर मेनूत उरतात ते महिन्यातून एकदा लागणारे प्रोग्रॅम, आणि माणसाला मेनूची खरी गरज नेमकी तिथे असते. जे रोज लागते त्याची जागा आठवतेच. जे क्वचित लागते ते शोधण्यासाठीच यादी हवी असते. किती वेळा उघडले हे मोजता येते, पण त्या वेळी ते नसते तर काय अडले असते हे मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही. स्पर्शपडद्याच्या टॅब्लेटांशी स्पर्धा होती, हे कारणही समजण्यासारखे आहे. पण टेबलावरच्या माउस-कीबोर्डच्या संगणकावर बोटांसाठी आखलेली मांडणी लादण्याचे समर्थन त्यातून होत नाही. बाजाराने निकाल लवकर दिला. लेनोव्होने २०१३ साली आपल्या संगणकांत पोक्की हा बाहेरचा स्टार्ट मेनू घालून द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज ८.१ ने बटण परत आणले. एप्रिल २०१४ च्या विकासकांच्या परिषदेत टेरी मायर्सन यांनी मेनू परत येणार असल्याचे दाखवताच सभागृहात टाळ्या झाल्या. २९ जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये तो खरोखर आला, फरश्यांना कडेला घेऊन.

मग ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली आणि टास्कबार मुळापासून नव्याने लिहिला गेला. बटण डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी सरकले आणि पट्टी वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोय नाहीशी झाली. या बदलाचे मोल समजण्यासाठी १९५४ साली पॉल फिट्स यांनी मांडलेला नियम उपयोगी पडतो: एखाद्या जागी पोचायला लागणारा वेळ अंतरावर आणि त्या जागेच्या आकारावर अवलंबून असतो. पडद्याचा कोपरा या हिशेबात सर्वांत सोपा, कारण माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण कोपऱ्यातच थांबतो. नेम धरावा लागत नाही. (विंडोज ९५ मध्ये बटण कडेपासून किंचित आत होते आणि अगदी कोपऱ्यात केलेले क्लिक वाया जाई. पुढे ही उणीव दूर झाली. जुने ते सगळे निर्दोष होते असे मानायचे कारण नाही.) मध्यभागी आलेल्या बटणाला कोपऱ्याचा हा आधार नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पट्टीवरची चिन्हे मध्याभोवती पसरत असल्यामुळे जास्त प्रोग्रॅम उघडले की बटणच डावीकडे सरकते. दहा मिनिटांपूर्वी ते जिथे होते तिथे आता नसते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात मराठी छापखान्यातला कंपोझिटर खिळ्यांच्या खणांकडे (केसकडे) न पाहता खिळा उचलत असे, कारण प्रत्येक अक्षराचे घर ठरलेले होते. घरे रोज हलली असती तर त्याचे कसब निकामी झाले असते. संगणकावर काम करणाऱ्याच्या हातालाही अशीच सवय लागते, आणि ती लागल्यामुळेच डोके मूळ कामावर राहते. ही सवय म्हणजे आळस नव्हे. वर्षानुवर्षांच्या कामातून जमा झालेले ते भांडवल आहे आणि प्रत्येक फेरबदल ते खर्च करतो.

ज्याला हे भांडवल वाचवायचे आहे त्याच्यापुढे आज कोणते मार्ग आहेत? पहिला मार्ग विंडोजच्याच सेटिंगमधला. टास्कबारच्या सेटिंगमध्ये चिन्हांची बाजू ‘डावी’ केली की बटण कोपऱ्यात परत जाते आणि तिथेच स्थिर राहते. फक्त एवढे केले तरी अर्धी तक्रार मिटते, म्हणून बाहेरचे काही बसवण्यापूर्वी प्रत्येकाने हे करून पाहावे. २०२२ पासून मेनूत टाचलेल्या चिन्हांचे गट करून त्यांना नाव देता येते, आणि पॉवरच्या बटणाशेजारी डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, सेटिंग यांसारखे दुवे ठेवता येतात. २०२५ च्या अखेरीस कंपनीने मेनू पुन्हा बदलला. सर्व प्रोग्रॅमची यादी पहिल्याच पानावर आली, आणि नको असलेला शिफारशींचा भाग काढून टाकता येऊ लागला. सुधारणा खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मात्र नव्या यादीत वर्गवारी निवडली तर ते वर्ग मेनू स्वतः पाडतो. कोणता प्रोग्रॅम ‘उत्पादकता’ आणि कोणता ‘सर्जनशीलता’ हे आपल्या कामावरून ठरत नाही. छपाईचे काम करणाऱ्याला जो प्रोग्रॅम रोजीरोटीचा, तो तिथे भलत्याच कप्प्यात सापडतो.

दुसरा मार्ग बाहेरच्या सॉफ्टवेअरचा, आणि इथे एक फरक ध्यानात ठेवणे फार गरजेचे आहे. काही सॉफ्टवेअर मूळ मेनूला हात न लावता शेजारी उभी राहतात. काही विंडोजच्या एक्सप्लोरर या प्रक्रियेत खोल शिरून तिचे वागणे बदलतात. क्लासिक शेलचा वारसा चालवणारे ओपन-शेल पहिल्या प्रकाराच्या जवळचे आहे. स्टार्ट बटणाचे क्लिक ते आपल्याकडे वळवते आणि आपला मेनू दाखवते. एका स्तंभाचा क्लासिक, दोन स्तंभांचा क्लासिक आणि विंडोज ७ सारखा, अशा तीन शैली त्यात आहेत. शिफ्ट दाबून क्लिक केले की मूळ मेनूही उघडतो. त्याचे मोल रूपापेक्षा या गोष्टीत आहे की पोटफोल्डरांची पूर्ण रचना ते पुन्हा दाखवते, म्हणजे फोल्डरावरची मालकी परत देते. जुन्या पट्टीचे नुसते रूप हवे असेल तर रेट्रोबार आहे. विंडोज ९५ पासून पुढच्या अनेक आवृत्त्यांची पट्टी ती हुबेहूब उभी करते. स्टार्ट११ आणि स्टार्टऑलबॅक विकत मिळतात आणि मेनूबरोबर टास्कबारही बदलतात. एक्सप्लोररपॅचर सर्वांत धाडसी. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत विंडोज १० च्या टास्कबारचा कोड पोटात तसाच पडून होता, तो जागा करण्याचे काम ते करत असे. पुढे २४एच२ आवृत्तीत कंपनीने तो जुना कोड काढून टाकला, तेव्हा या प्रकल्पाने टास्कबार स्वतःच नव्याने लिहून दिला. हे कौशल्य थक्क करणारे आहे, पण नेमके त्यामुळेच ते प्रत्येक अपडेटच्या दयेवर जगते. घरच्या संगणकावर प्रयोग म्हणून ते ठीक. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर ते बसवू नये.

इथेच सर्वांत वजनदार आक्षेप येतो, तो सुरक्षिततेचा. ऑगस्ट २०१६ मध्ये फॉसहब या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी शिरकाव केला आणि क्लासिक शेलच्या फाइलच्या जागी घातक फाइल ठेवली. ती चालवणाऱ्याच्या डिस्कचा आरंभीचा भागच पुसला जाई आणि संगणक सुरू होत नसे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. दोष मधल्या वाटेतला होता. डिसेंबर २०१७ मध्ये बेल्चेव्ह यांनी काम थांबवले, कारण विंडोजच्या वारंवार बदलांमागे एकट्याने धावणे अशक्य झाले होते. कोड खुला करून ठेवल्यामुळेच त्यातून ओपन-शेल उभे राहू शकले. एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्त्या स्टार्टऑलबॅक आणि एक्सप्लोररपॅचर असलेल्या संगणकांवर अपडेट अडवू लागल्या. या घटना समोर ठेवून कोणी म्हणेल की असल्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊच नये. धोका खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण धोका निर्माण कशामुळे झाला तेही विचारले पाहिजे. लाखो लोकांना लागणारी सोय मूळ यंत्रणेतून काढून घेतली की ती गरज नाहीशी होत नाही. ती आडवाटेने पुरी केली जाते. क्लासिक मेनूचा पर्याय विंडोजच्या आत राहिला असता तर तो फॉसहबवरून उतरवण्याची पाळी कोणावर आली नसती. त्यामुळे सुरक्षिततेचा मुद्दा कंपनीच्या बाजूने जात नाही, पर्याय आत ठेवण्याच्या बाजूने जातो. तोपर्यंत साधी काळजी घ्यावी: मूळ प्रकल्पाच्या ठिकाणावरूनच फाइल घ्यावी, मोठ्या अपडेटच्या आधी असे सॉफ्टवेअर काढून ठेवावे, आणि कामाच्या संगणकावर शेजारी उभे राहणारेच निवडावे.

दुसरा आक्षेप शोधाचा. बटण दाबावे, दोन अक्षरे टाइप करावीत, प्रोग्रॅम समोर. मग कप्पे हवेत कशाला? ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्यासाठी हे खरोखर वेगवान आहे. पण नाव आठवणे आणि दिसल्यावर ओळखणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि माणसाची दुसरी क्षमता पहिलीपेक्षा सहसा बळकट असते. मराठी वापरणाऱ्यांच्या बाबतीत या मुद्द्याला आणखी धार येते. विंडोजचा चेहरा मराठीत करता येतो, तरी त्यावर बसवलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरची नावे इंग्रजीतच राहतात. शोधायचे तर इंग्रजी स्पेलिंग यायला हवे, कीबोर्डही त्या क्षणी इंग्रजीवर हवा. स्पेलिंग चुकले की मेनू इंटरनेटवरचे निकाल पुढे करतो आणि माणूस ब्राउझरमध्ये जाऊन पडतो. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून महाराष्ट्रात लाखो लोक संगणक शिकले, आणि शासकीय नोकरीसाठी ती पात्रता आवश्यक मानली गेली. त्या पिढीने जे शिकले ते वाटेने शिकले: स्टार्ट, मग प्रोग्रॅम्स, मग अ‍ॅक्सेसरीज, मग पेंट. ही वाट पाठ करणे बाळबोध वाटेल, पण इंग्रजीचा सराव नसलेल्या माणसाला तिने संगणकावर उभे केले. ग्रामपंचायतीच्या टेबलावर किंवा छोट्या डीटीपीच्या दुकानात काम करणाऱ्याला शोधाची चौकट सोय म्हणून जरूर द्यावी, पण ठरलेली वाट मोडून नव्हे.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. जुना कोड सांभाळायला माणसे लागतात, प्रत्येक नव्या सोयीची जुन्या मांडणीबरोबर चाचणी घ्यावी लागते, आणि टास्कबार उभा करायचा तर इतर प्रोग्रॅमांनीही त्यानुसार सावरून घ्यावे लागते. हा भार किती, याचा अंदाज लिनक्सच्या अनुभवावरून बांधता येतो. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी मांडणी मोडली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे कठोर टीका केली आणि काही काळ एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप वापरला. त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा कोड पुढे चालवायला घेतला, त्यातून माटे हा डेस्कटॉप उभा राहिला. लिनक्स मिंटच्या मंडळींनी सिनॅमन तयार केला, तो नव्या पायावर जुनी मांडणी देतो. मुठीएवढ्या, बहुतांशी स्वयंसेवकांच्या गटांनी हे दोन्ही डेस्कटॉप दशकाहून अधिक काळ चालते ठेवले आहेत. ग्नोमनेही २०१३ साली ‘क्लासिक’ सत्र पुन्हा दिले. जे काम मूठभर माणसे करू शकतात ते जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला परवडत नाही, हे पटत नाही. मोबाइलचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. अँड्रॉइडमध्ये लाँचर, म्हणजे घरचा पडदा आणि अ‍ॅपची यादी दाखवणारा भाग, अधिकृतपणे बदलता येतो. त्यासाठी सेटिंगमध्ये जागाच ठेवली आहे. बाहेरच्या लाँचरला यंत्रणेत चोरवाटेने शिरावे लागत नाही. विंडोजने क्लासिक मेनू स्वतः सांभाळायचा नसेल तर निदान असा राजमार्ग द्यावा, म्हणजे ओपन-शेलसारख्यांना प्रत्येक अपडेटला धास्तावून राहावे लागणार नाही.

तरुण पिढी फोनवर वाढली, तिला जुना मेनू नकोच, असेही म्हटले जाते. तिला नको असेल तर तिच्यावर लादावा असे कोणी म्हणत नाही. पण फोनवर हीच पिढी आपला पडदा स्वतः रचते, चिन्हांचे गट करते, नको ते काढून टाकते. मांडणीवरचा हक्क तिला परका नाही.

मेनू कंपनीच्या ताब्यात का जातो, याचे एक कारण डिझाइनच्या चर्चांत मागे राहते, ते म्हणजे ती जागा मोलाची आहे. दिवसातून अनेकदा नजर जाणारा पडद्याचा तुकडा जाहिरातीसाठी मोहात पाडणाराच. विंडोज १० च्या मेनूत न मागितलेली अ‍ॅप आणि खेळ दिसू लागले. २०२४ च्या वसंत ऋतूत विंडोज ११ च्या शिफारशींच्या भागात दुकानातल्या अ‍ॅपची भलामण सुरू झाली. ती बंद करता येते, पण मुळात ती चालू अवस्थेतच येते. शोधाच्या चौकटीतून बिंगचे निकाल येतात आणि ते एज ब्राउझरमध्ये उघडतात. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मात्र तिथल्या वापरकर्त्यांना एज काढून टाकण्याची आणि मेनूतला बिंगचा शोध बंद करण्याची सोय द्यावी लागली; कंपनीने तसे नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे तांत्रिक अडचण नव्हतीच. कायद्याने सांगितले की सोय निघाली आणि जिथे कायदा नव्हता तिथे ती मिळाली नाही. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले. फोनवरच्या निवडीचा विचार आपल्याकडे निदान सुरू झाला आहे. टेबलावरच्या संगणकाचा अजून नाही.

आता हा विचार लांबणीवर टाकणे परवडणारे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ च्या हार्डवेअरच्या अटींमुळे कितीतरी चालते संगणक पुढे जाऊ शकत नाहीत. अशा संगणकांवर सिनॅमन किंवा एक्सएफसीई असलेले लिनक्स मिंट घातले तर खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू आणि वर्गवार यादी ही ओळखीची मांडणी जशीच्या तशी मिळते. तीही यंत्रणेचाच भाग म्हणून, अपडेटने मोडण्याची भीती न बाळगता. सी-डॅकची बॉस ही लिनक्स प्रणाली सरकारी कामासाठी उपलब्ध आहेच. मराठी टंक आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्सवर व्यवस्थित चालतात. अडचण येते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांवर आणि पेजमेकरवर विसंबलेल्या छपाईच्या कामात. तिथे विंडोज सोडता येणार नाही, म्हणून तिथे डावीकडे घेतलेले बटण आणि ओपन-शेल हाच आजचा व्यवहार्य उपाय. शाळा, महापालिका, विद्यापीठे मात्र हजारो संगणक एकदम घेतात आणि निविदेच्या अटी त्यांच्या हातात असतात. स्टार्ट मेनूची रचना खात्याला स्वतः ठरवता आली पाहिजे, त्यात जाहिराती आणि वेबचे निकाल मुळातच बंद असले पाहिजेत, आणि ठरवलेली रचना मोठ्या अपडेटनंतरही टिकली पाहिजे, या तीन अटी त्या निविदांत आजही घालता येतील.